गुरुवारचं घर

घर बघायला चाललेय म्हटल्यावर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "मुलीसाठी का मुलासाठी?" आपल्याकडे घर बघणं म्हणजे स्थळ बघणं. मी म्हटलं, "भावासाठी." त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "उशीरच केला मग." तेव्हा मला खुलासा करावा लागला की भावाचं लग्न कधीच झालंय, बायको गुणाची आहे, आता फक्त भिंती बघायच्या राहिल्यात.

तर औशाहून मी अर्ध्या तिकिटात निघाले ती अशी. दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, भावंडांतलं शेंडेफळ. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. पत्र्यावर दणका घालून गाडीचे भाग काढायचे, हे त्याचं काम. राहतो चिखलीत, भाड्याच्या खोलीत. अकरा महिन्यांचा करार संपला की दुसरी खोली, असं करत करत त्याच्या बायकोनं, सुनंदानं, आता पातेल्यांच्या खोक्यांवरच्या दोऱ्या सोडणंच बंद केलंय.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दिगूला तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळी. सकाळी घरी येऊन झोपावं तर खोलीच्या खाली भंगारवाला आणि वर मांडववाल्याचं सामान. मी फोन केला की सुनंदा ओरडून बोलायची, मीही औशातून ओरडायची, आणि आमच्या गल्लीला वाटायचं नणंद-भावजयीचं भांडण चाललंय. दिवाळीआधी पाळीवरून येताना दिगूचा मोटरसायकलवर डोळा लागला आणि तो रस्त्याच्या मधोमध लावलेल्या कण्हेरीत जाऊन पडला. कोपर सोलटण्यावर भागलं. त्या दिवसापासून सुनंदानं एकच धोशा लावला. घर लहान का असेना, लांब का असेना, पण यांना दिवसा झोप लागली पाहिजे.

वल्लभनगरच्या स्टँडवर दोघंही घ्यायला आले होते. दिगूचे डोळे बघून मला भरून आलं. रिक्षात मी विचारलं, "त्या प्राधिकरणात अर्ज केला होता, त्याचं काय झालं?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सुनंदा फोनवर म्हणाली होती, प्राधिकरणात बघितलं, पण जमत नाही. मी समजले, असेल कुठलं तरी सरकारी कार्यालय, साहेब सही करत नसेल. मी देवाला साकडंही घातलं होतं. इथं प्राधिकरण (निगडी-आकुर्डीकडचा आखीव रस्त्यांचा भाग) हे वस्तीचं नाव निघालं. दिगू म्हणाला, "आक्का, साहेब नाही गं, भाव जुळत नाही." आमचा देव तेवढे दिवस उगाच कामाला लागला होता.

मी पोचले सोमवारी. म्हटलं, चला उद्याच घरं बघू. तर दिगू म्हणाला, "गुरुवारी." इकडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. आपला रविवार तसा यांचा गुरुवार. नवस, जावळ, सासुरवाडी, केस कापणं, सगळं गुरुवारी. लाईट जायची तीही बहुतेक गुरुवारी, दुरुस्तीसाठी. मी मधले दिवस सुनंदाबरोबर भाजी निवडली आणि भंगारवाल्याचा हातोडा मोजला नाही, फक्त सोसला.

गुरुवारी सकाळी एजंट हजर. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, सगळे त्याला पप्पूशेठ म्हणतात. गाडीत बसताच त्याने मला आक्का करून टाकलं. पहिलं घर होतं मोशीकडे. इमारतीच्या नावात हिरवळ होती, पण हिरवा रंग फक्त वॉचमनच्या खोलीला दिलेला. आत गेलो आणि मी आयुष्यात बघितलं नाही असं काही दिगूने केलं. ना स्वयंपाकघर बघितलं, ना नळ. थेट झोपायच्या खोलीत गेला, चपला काढल्या, आणि उघड्या फरशीवर हातांची उशी करून आडवा झाला. डोळे मिटले. पप्पूशेठ घाबरून म्हणाला, "भाऊ, बरं वाटत नाही का?"

"गप," सुनंदा म्हणाली. "घर बघतायत ते."

थोड्या वेळाने दिगू उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "लिफ्टचा आवाज येतो." दुसऱ्या घरात शेजारच्यांचा कुत्रा निघाला. तिसऱ्यात पाण्याच्या मोटारीची घरघर. पप्पूशेठ घाम पुसत म्हणाला, "आक्का, लोक पूर्व-पश्चिम विचारतात, पार्किंग विचारतात. झोपून बघणारं गिऱ्हाईक पहिलंच राव."

दुपारी जेवायला थांबलो. त्याने ताट मागवलं मासवडीचं. मी गळ्यातली तुळशीची माळ पुढे केली. पप्पूशेठ हसून म्हणाला, "आक्का, नावातच मासा. आत बेसन." (बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या पाडतात, वर झणझणीत रस्सा.) मी एक वडी भीत भीत खाल्ली आणि नंतर दिगूच्या ताटातल्याही उचलल्या. या भागातले लोक नावं ठेवण्यात एकंदर फसवे आहेत, हे मी तिथं मनाशी पक्कं केलं.

शेवटचं घर तळवड्याच्या अंगाला. लाईट गेलेली, म्हणून लिफ्ट बंद. मी जिना चढता चढता सगळ्या देवांची नावं घेतली. पण वर गेलो आणि काय सांगू, गावाकडच्या दुपारसारखं निवांत. खिडकीतून लांबवर पत्र्याच्या शेडा, त्यांच्या मागे डोंगराची रेघ. कुठून कशाचा आवाज नाही. दिगू फरशीवर आडवा झाला. आम्ही वाट बघतोय. मग खोलीतून आवाज आला, तो दिगूच्याच घोरण्याचा. सुनंदाने तोंडाला पदर लावला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती हसत होती.

पप्पूशेठ कुजबुजला, "हिल स्टेशन आहे राव हे." उद्या संध्याकाळी होकार कळवायचं ठरलं. दिगूने येताना पेढे घेतले.

शुक्रवारी सकाळी पेपर वाचायला घेतला तर माझा चष्मा नाही. आठवलं, त्या घरात ओट्यावर ठेवला होता. दिगू पहिल्या पाळीला गेला होता, तेव्हा मी एकटीच रिक्षाने निघाले. इमारतीच्या दारात उतरले आणि कानावर आलं, धप्प. मग थोडं थांबून पुन्हा, धप्प. मला वाटलं, कुणीतरी वर मिरच्या कांडतंय. वॉचमनने कुलूप उघडून दिलं. आत गेले तर माझा चष्मा ओट्याच्या मधोमध ठेवलेला, तो कडेला आला होता. मी बघत असतानाच धप्प झालं आणि चष्मा आणखी जरा पुढे सरकला. पुढच्या धप्पला तो माझ्या हातात पडला असता.

मी चष्मा उचलला आणि जिना उतरले. खाली पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या बाई तिथल्या मूळच्या शेतकरी, डोक्यावर पिठाची पांढरी झाक. मी पाणी मागितलं.

"तुमी काल आलता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पसंत पडलं आसंल. गुरुवारी समद्यांनाच पसंत पडतंय." त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडेकडे हनुवटी केली. "तितं प्रेस हाय. गुरुवारी बंद. बाकी दिवस-रात दनका. आमाला काय न्हाई, आमचीच गिरणी हाय."

"मग लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"इचारलं तर सांगती की. पर समदे त्या एजंटाला इचारत्यात."

घरी आले. देवापुढे पेढ्यांचा पुडा, सुनंदा पडद्यांचं माप डोक्यात घेऊन फिरतेय, आणि मी चष्मा मुठीत धरून दारात उभी. दिगू दुपारी आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. मी चार घास जाऊ दिले आणि सांगून टाकलं. मला फार वाईट वाटत होतं.

तो ऐकत राहिला. घास तसाच हातात. मग म्हणाला, "आक्का, मी प्रेसवरच काम करतो गं. गुरुवारी प्रेस बंद असते, हे मला कळू नये?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सुनंदा म्हणाली, पण तिचा आवाज बसलेला होता.

"आपण सगळे घरं गुरुवारीच बघतो," दिगू म्हणाला. "दुसरा दिवस हाताशी आहे कुठं?" आणि एकदम हसायला लागला. असा हसला की ठसका लागला. मग आम्हीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पेढे मात्र आम्ही त्याच संध्याकाळी संपवले. पेढ्याचा काय दोष.

पप्पूशेठला मी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "आक्का, तुम्ही माझा गुरुवारचा धंदा बुडवणार." मी म्हटलं, "आता बघू ते गुरुवार सोडून. आणि दिगू रात्रपाळीवरून सुटला की तसाच."

पुढच्या आठवड्यात दिगूची रात्रपाळी होती. बुधवारी सकाळी आकुर्डीला कंपनीच्या बसमधून तो उतरला (कण्हेरीत पडल्यापासून मोटरसायकल बंदच होती), डबा हातात, डोळे लाल. तिथून पप्पूशेठच्या गाडीतून आम्ही सगळे थेट रावेतला. महामार्गाकडच्या उंच इमारती सोडून गाडी आत जुन्या गावाकडे वळली. एक जुनी चार मजली इमारत, जिन्याला शहाबादी फरशी. दार उघडलं ते चिपळूणच्या एका बाईंनी. लेकीकडे राहायला चालल्या होत्या म्हणून घर विकायला काढलेलं. दिगू नमस्कार करून थेट आतल्या खोलीत गेला आणि फरशीवर आडवा झाला. मी त्यांना सगळं सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "फरशीवर कशाला? गादी आहे की."

त्यांनी खिडकीचे पडदे ओढले. दुहेरी, जाड, गडद निळे. भर सकाळी खोलीत तिन्हीसांजा झाल्या.

"मी नर्स होते," बाई म्हणाल्या. "जन्मभर रात्रीची ड्यूटी. या खोलीत दिवसा झोपूनच मुलं मोठी केली. सोमवार ते रविवार, सगळे वार तपासलेले आहेत."

पप्पूशेठ पुटपुटला, "रात्रपाळीचा माणूस तर स्टँडवरही झोपेल."

"आमच्या खोलीत झोपत नाहीत," सुनंदा म्हणाली.

दिगू झोपला तो झोपलाच. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. बाईंनी आधी पोहे केले, मग दुपार झाली म्हणून भात आणि सोलकढी. सगळं कुजबुजत. भांडं खाली ठेवायचं तेही फडक्यावर. पप्पूशेठला दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, पण त्यानेही फोन बंद केले आणि खुर्चीत मान टाकली. भाव ठरला तोही कुजबुजतच. कुजबुजत घासाघीस करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बाई म्हणाल्या, "पडदे इथेच ठेवून जाते."

दिगू उठला तेव्हा उन्हं कलली होती. त्याने आधी सुनंदाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि ओशाळून विचारलं, "घर कसं आहे?" त्याने अजून स्वयंपाकघरही बघितलं नव्हतं.

परतून आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, काय बघितलंस तिकडे? मी सांगते, फार मोठं गाव आहे, जगभर गाड्या पाठवतं, हौशी आहे, मासवडीत मासा घालत नाही. माणसं सगळ्या मुलखांतून पोट भरायला आलेली, आणि बिचारी दमलेली. आठवड्यातून एक दिवस तिथली यंत्रं थांबतात, आणि नेमकं त्याच दिवशी लोक आयुष्याचं घर पसंत करतात. कुणाला हसावं? आपणही सगळं आपल्या सवडीच्या दिवशीच बघतो की.

परवा आठवडी बाजारात उभी होते. मेथीचा, कोथिंबिरीचा ओरडा, लाऊडस्पीकरवर कपड्यांचा सेल. सुनंदाला फोन लावला आणि सवयीने ओरडले, "सुनंदे, काय चाललंय?"

तिकडून एकदम हळू, जेमतेम ऐकू येईल असा आवाज आला. "झोपलेत ते, आक्का."

आणि भर बाजारात, मेथीवाला तोंडाकडे बघत असताना, मीही हळू बोलायला लागले.