सरांच्या वडाचा उन्हाळी मुक्काम

बोन्सायची छाटणी करताना खाली जुना पेपर अंथरतात. तासाभराने पाहिलं, तर झाडावर जेवढं उरलंय त्याहून जास्त पेपरावर पडलेलं असतं! आमच्या क्लबचंही तसंच झालं. झाडं मोजकी, किस्से ढीगभर. आता सर कायमचे मुलीकडे राहायला गेलेत आणि क्लबच्या ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छांशिवाय काही येत नाही. तरी तो पेपर काही माझ्याने गुंडाळून फेकवत नाही.

आधी क्लब सांगते. नागपुरात सक्करदऱ्याला गणवीर सरांचं घर. सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, मग रिटायर झाले. त्यांच्या अंगणात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पाच जण जमायचो: सर, निमजे काकू, ढोमणे काका, डेंटिस्ट मेश्राम मॅडम आणि मी. मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. एम.ए. झालं, दोन इंटरव्ह्यूंत माझा आवाजच फुटला नाही, तेव्हा आईनेच मला हाताला धरून सरांकडे आणून सोडलं. "हिले काहीतरी शांत काम द्या, सर."

शांत काम! एका उन्हाळ्यात सरांचा अडतीस वर्षांचा वड माझ्या भरवशावर होता आणि त्याची पानं गळायला लागली. त्या दोन महिन्यांत मी किती रडले हे आमच्या आईला विचारा. ते सांगतेच, पण आधी माणसं कळायला हवीत.

*

माझा पहिला दिवस. सरांनी एक छोटं चिनी वडाचं रोप समोर ठेवलं, कात्री हातात दिली आणि म्हणाले, "ही फांदी काप."

मी विचारलं, "सर, चुकली तर?"

"तं दुसरी येते."

मी डोळे घट्ट मिटले आणि कापली. कट्‌ असा आवाज झाला आणि मी जी किंचाळले! शेजारच्या घरातून दोन माणसं धावत आली. निमजे काकूंच्या हातातला चहा माझ्या ओढणीवर. ढोमणे काका तर "साप कुठं आहे गा, साप?" म्हणत काठी शोधत होते.

सरांनी रोप फिरवून-फिरवून पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "झाड तं नाही ओरडलं. तू काहून ओरडली वं?"

*

ढोमणे काकांची स्वतःची काळीपिवळी जीप. नागपूर ते रामटेक सवारी भरून न्यायची, सवारी भरून आणायची. बोन्सायवाल्यांना एक वाईट सवय असते. जुनी भिंत, पूल, पडकं कुंपण दिसलं की नजर आपोआप भेगांकडे जाते. तिथे पिंपळ-वडाची रोपं उगवलेली असतात, आणि उपाशी राहून राहून त्यांची खोडं अशी काही वळलेली असतात की आम्हाला राहवत नाही.

एकदा भर दुपारी काकांनी एका लहानशा पुलावर गाडी करकचून थांबवली. मागे नऊ सवाऱ्या.

"काय झालं गा? पंक्चर?"

"नाही, पिंपळ!"

काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुलाच्या कठड्याशी खाली बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकेक करून सगळ्या सवाऱ्या खाली उतरल्या. भांडायला उतरल्या होत्या म्हणे! पण तिथे जाऊन सगळे वाकून पाहायला लागले. "उजव्या बाजूनं घे." "जोर नको लावू बे, मूळ तुटन." एका म्हातारीने आपला ओला रुमाल काढून दिला, "याच्यात गुंडाळ गा लेकरा." रोप निघालं तेव्हा टाळ्या पडल्या!

ती म्हातारी नंतर त्या रस्त्यावर काकांची गाडी दिसली की हात करायची. बसायला नाही. काका थांबले की खिडकीशी येऊन विचारायची, "जगलं का?"

*

निमजे काकू मुलासाठी मुलगी पाहायला गेल्या होत्या. बैठक सजलेली, कांदेपोहे आलेले. मुलगी चहा घेऊन आली, खाली मान घालून उभी राहिली. काकूंचं लक्षच नाही! त्या सोफ्याच्या कोपऱ्यातल्या एका कुंडीकडे टक लावून बसलेल्या. जेडचं जुनं रोप, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आलेली.

मुलीचे वडील म्हणाले, "काही विचारायचं असेल तर विचारा."

काकू म्हणाल्या, "याची कुंडी शेवटी कधी बदलली?"

मग म्हणाल्या, "एक सुरी आणता का?" त्या बिचाऱ्यांना वाटलं फळं कापायचीत. त्यांनी सुरीबरोबर चार सफरचंदंही आणली. तोवर काकूंनी कुंडी मांडीवर घेतली होती. पैठणीवर!

तीन दिवसांनी फोन आला. मुलीचा नकार. पण ती कुंडी घेऊन जा म्हणाले, आमच्याच्यानं एवढी काळजी होणार नाही.

पुढच्या रविवारी काकू ती कुंडी छातीशी धरून आल्या. आम्ही सांत्वन करायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "लग्नाचं जाऊ दे वं. खोड पाहा!"

*

आमचं एकच प्रदर्शन झालं. मेश्राम मॅडमचं संत्र्याचं झाड त्याचं मुख्य आकर्षण होतं. टीचभर झाड, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला एक संत्रं लागलेलं. एकच! मॅडम क्लिनिकमधली जुनी हत्यारं वापरून त्या झाडाची माती साफ करायच्या. पेशंट एकवेळ ताटकळत बसेल, पण झाड नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून एक रिटायर साहेब बोलावले होते. फार मोकळे, गप्पिष्ट. मॅडम त्यांना झाड दाखवत होत्या, साहेब आपल्या लहानपणीच्या संत्र्याच्या बागेबद्दल सांगत होते. सांगता-सांगता त्यांनी हात पुढे केला, ते संत्रं तोडलं आणि सोललं.

माझ्या हातातला फुलांचा गुच्छ गळूनच पडला.

साहेबांनी दोन फोडी तोंडात टाकल्या. डोळे बारीक केले. "जरा आंबट आहे. पण स्वागताची आयडिया छान!"

मॅडमने साहेबांच्या तोंडासमोर हाताची ओंजळ धरली.

"बिया तरी द्या!"

*

आता वड.

क्लबची एक पद्धत होती. उन्हाळ्यात कोणी बाहेरगावी गेलं की त्याची झाडं दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जायची, आणि बरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठी झाडाने लिहिलेली! ढोमणे काकांची चिठ्ठी असायची: "मी पिंपळ. मले ऊन चालते. मालकापेक्षा मले जास्त समजते." निमजे काकूंची: "मी डाळिंब. पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीसारखं वागवा."

त्या वर्षी सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर दोन महिने मुलीकडे, बेसाला, तिसऱ्या मजल्यावर. एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी सरांनी सगळी झाडं वाटली. वड राहिला. तो सरांनी शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी लावला होता, मुलीच्याही आधी. सगळे वाट पाहत होते. सरांनी तो उचलून माझ्यासमोर ठेवला.

काकूंना राहवलंच नाही. "सर! हिच्याकडे? हे तं पाल पाहून बेशुद्ध पडते!"

सर म्हणाले, "म्हणूनच. हिले झोप येत नाही. लक्ष राहीन."

त्यांची चिठ्ठी अशी होती: "मी वड. वय अडतीस. मातीत बोट घालून पाहा, कोरडी लागली तरच पाणी. बाकी मी माझं पाहून घेतो."

चिठ्ठी भिजेल, फाटेल, हरवेल म्हणून मी ती त्याच दिवशी लॅमिनेट केली आणि आईच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. म्हणजे ती मी एकदा वाचली आणि बाकी कोणी कधीच वाचली नाही! आणि मे महिन्यातल्या नागपुरात माती कोरडी नसेल, हे मला तरी कुठे खरं वाटणार? मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले.

वड आमच्या मागच्या व्हरांड्यात, हिरव्या जाळीखाली, कूलरच्या बाजूला. मीटिंगही आता आमच्याकडे. पण दुसऱ्या रविवारची वाट कोण पाहतो! निमजे काकू भाजी घेऊन येताना डोकवायच्या, ढोमणे काका गाडी लाइनवर न्यायच्या आधी, मॅडम क्लिनिक बंद करून. "तू चहा ठेव वं, मी बसतो झाडापाशी." मी चहा ठेवायला आत जायचे. मला बाई भरून यायचं, किती जीव आहे सगळ्यांचा!

*

तिसऱ्या आठवड्यात एक पान पिवळं पडून गळलं. मग सात. मग तर सकाळी दार उघडायचीच भीती वाटायची. गळलेली पानं मी एका पाकिटात जपून ठेवत होते, का ते विचारू नका.

इमर्जन्सी मीटिंग झाली. ठरलं की सरांना सांगायचं नाही, त्यांना टेन्शन नको. पण सरांचा मेसेज यायचाच, "वडाचा फोटो टाका." मॅडमने आयडिया काढली: जुना फोटो पाठवा. मी मोबाइलमध्ये शोधून सरांच्याच अंगणातला एक हिरवागार फोटो काढला, कडा कापल्या आणि पाठवला. लिहिलं, "मस्त आहे सर!"

अर्ध्या तासाने उत्तर आलं.

"छान. मे महिन्यात आकाशकंदील काहून लावला?"

मी मोबाइल उशीखाली लपवला. बेसा आमच्याकडून काही लांब नाही. ऑटोने अर्धा तास. पण मी गेले नाही. सर तोंड पाहूनच ओळखतील असं वाटायचं. रोज उठून ठरवायचे, आज जाते. रोज एखादं पान गळायचं आणि मी राहायचे.

मग एक दिवस मेसेज आला: "रविवारी येतो."

*

रविवारी सकाळी ऑटो थांबला. सर काठी टेकत, एकेक पाऊल टाकत व्हरांड्यात आले. किती वाळले होते! आम्ही चौघे शाळेतल्यासारखे रांगेत उभे. वडावर पाच पानं शिल्लक होती.

सर खुर्चीवर बसले. मातीत बोट घातलं, काढलं, वास घेतला.

"पाणी कोण-कोण घालत होतं?"

मी हात वर केला. "मी, सर. सकाळ-संध्याकाळ."

"अन्?"

मग निमजे काकूंचा हात अर्धा वर आला. "ही पोरगी घाबरट, सर. म्हटलं पाणी घालतानाही घाबरत असन. म्हणून मी येता-जाता आपलं मगभर..."

ढोमणे काका म्हणाले, "मी कुठं जास्त घातलं गा? बॉटलमधलं उरलेलं तेवढं."

मॅडमने रुमालाने कपाळ पुसलं. "मी आधी स्प्रे करायचे. मग वाटायचं, स्प्रेनं काय होतं..."

आणि आतून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला, अगदी अभिमानाने: "तांदळाचं धुवण मी टाकत होती बरं का, सर! रोज!"

सरांनी डोळे मिटले.

मग कात्री मागितली. झाड कुंडीतून बाहेर काढलं. खालची अर्धी मुळं काळी, लिबलिबीत. सर एकेक मूळ कापत गेले. कुजलेलं सगळं काढून टाकलं, वरची पाचही पानं काढली, कोरडी माती भरली, सुतळीने झाड कुंडीला बांधलं. अर्धा तास आम्ही कोणी हललो नाही. शेवटी त्यांनी नखाने खोड जरासं खरवडलं. सालीखाली हिरवं होतं.

"जगन," सर म्हणाले. "पण महिनाभर आता याच्यावर कोणी जीव लावू नका."

मला रडूच फुटलं. काकूही पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या. ढोमणे काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी दचकून कुंडीवरच पडणार होते.

सर कात्री पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन महिने मी बेसाले पडून होतो. तिथं कोण-कोण येत होतं?"

आमच्यापैकी एकाचाही हात वर झाला नाही. काकूंनी पदर सारखा केला. मॅडम चपलेकडे पाहत होत्या.

तेवढ्यात आई ट्रेमध्ये माठातल्या पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली.

"नको!!" आम्ही चौघे एकदम ओरडलो.

आई जागच्या जागी थिजली. ग्लास एकमेकांवर वाजले.

सरांनी हात पुढे केला.

"द्या ताई. मले चालते."

आणि आम्हा एकेकाकडे पाहत त्यांनी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.