सावलीची मापं

मी तापट आहे पण भित्रा नाही, असं जन्मभर सांगत आलो. पुण्यातल्या एका दुपारी मात्र माझी पार गाळण उडाली. आता म्हातारपणी ते लिहून टाकतो.

आम्ही दोघं मोगलाईतले, एकाच गावचे. गोदावरीपलीकडून बारा दिवस चालत पुण्याला शिकायला आलो. वाटेत मला ताप भरला, तेव्हा त्यानं दोन दिवस माझं बोचकं वाहिलं आणि एक ओढा तर मला पाठीवर घेऊन ओलांडला. मी आलो होतो व्याकरण शिकायला, तो ज्योतिष. आम्हाला शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांच्या घरामागं एक लांब पडवी होती, तिच्यात आम्ही अकरा विद्यार्थी राहायचो. प्रत्येकाला एक घोंगडी पसरेल एवढी जागा. वर काठीवर सोवळ्याची धोतरं वाळत, आणि त्यांना कुणाचा चुकून हात लागला की सकाळ भांडणात गेलीच म्हणून समजा. जेवण वारानं, म्हणजे रोज एका ठरलेल्या घरी.

इथली पोरं आम्हाला ‘पाहुणे’ म्हणत. “पाहुणा दोन वर्षं राहिला की त्याला काय म्हणतात हो तुमच्या मुलुखात?” असं एकजण अगदी आदरानं विचारी. मी अंगावर धावून जायचो. माझा मित्र नुसता हसायचा. त्याच्या त्या हसण्याचाही मला राग यायचा.

त्याला एकच वेड होतं. बारा अंगुळांची काठी उन्हात उभी करायची, भर मध्यान्ही तिची सावली किती पडते ते मोजायचं आणि कागदावर मांडायचं. महिनोन्महिने असं मोजलं की त्या गावचं पंचांग बिनचूक करता येतं, म्हणे. आमच्या अंगणात शेजारच्या माडीची सावली यायची, म्हणून हा रोज पर्वतीच्या पायथ्याशी जायचा.

दसरा झाला आणि गावाबाहेर, पर्वतीच्याच बाजूला, फौज गोळा व्हायला लागली. त्या वर्षीची मोहीम नेमकी आमच्याच मुलुखावर होती. परक्या माणसाकडे जो तो संशयानं बघू लागला. शास्त्रीबुवा वाईला गेलेले. मी मित्राला बजावलं, “चार दिवस ती काठी ठेव बाजूला.” तो म्हणाला, “सूर्य थांबतोय का चार दिवस?”

आणि एक दिवस दुपारच्या आधीच कोतवालीचा कारकून त्याला घेऊन पडवीत आला. बरोबर दोन शिपाई. कारकुनाच्या एका हातात ती काठी, दुसऱ्यात कागद.

“सव्वासात, साडेसात, पावणेआठ,” त्यानं वाचलं. “आकडे वाढतायत. फौजेची पथकंही वाढतायत. काय योग आहे!”

“ती सावली आहे,” मित्र म्हणाला.

“असं? मग किल्ल्यावर पाठवतो तुम्हाला. तिथल्या कोठडीत सावलीच सावली आहे.” मग आमच्याकडे वळून, “याच्या मुलुखातलं आणखी कोण आहे इथं?”

 नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही ओळखता यांना?”

 हो म्हटलं तर दोघांचीही रवानगी किल्ल्यावर. माझं शिक्षण, वाट बघणारी आई, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, “एका पडवीत राहतो, इतकंच. वाटेत गाठ पडली होती. फारसा परिचय नाही.”

माझा मित्र माझ्याकडे बघत होता. मी वरच्या धोतरांकडे बघत राहिलो.

मग तो कारकुनाला म्हणाला, “मध्यान्हाला अजून अवकाश आहे. मला उन्हात नेऊन बघा. आज सावली आठ अंगुळं आणि वर एक यव, म्हणजे जवाच्या दाण्याएवढी, पडेल. नाही पडली तर खुशाल किल्ल्यावर पाठवा.”

गल्लीच्या तोंडाशी देवळापुढची मोकळी जागा होती. आम्ही सगळे मागोमाग गेलो. त्यानं जमीन सारखी केली, पाणी ओतून पाहिलं, काठी रोवली, उत्तरेकडे रेघ ओढली. कारकुनानं स्वतः मोजून कोळशानं खूण केली. बघता बघता ही गर्दी जमली. सावली तिळातिळानं आखडत होती, आणि तेवढ्यात मेला एक ढग आला!  माझा मित्र हात जोडून उभा होता, ओठ पांढरेफटक. ढग सरकला. सावलीचं टोक रेघेवर आलं, खुणेला टेकलं आणि हळूहळू पलीकडे वळलं.

“लागली!” कुणीतरी ओरडलं.

“उद्या किती?” कारकुनानं विचारलं.

“आणखी पाऊण यव.”

कारकुनानं कागद आणि काठी परत दिली. मला हायसं वाटलं. पण कारकून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “आणि हे? शास्त्रीबुवा गावात नाहीत. यांचा कुणाशी परिचय नाही. मग यांची हमी कोण देणार?”

मी पडवीतल्या पोरांकडे पाहिलं. ज्यांच्याशी दोन वर्षं भांडलो, ते कशाला बोलतील?

“मी देतो,” माझा मित्र म्हणाला. “आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. लहानपणापासून ओळखतो मी त्याला.”

“ते तर म्हणाले, वाटेत गाठ पडली.”

“घाबरला की असंच काहीतरी बोलतो तो.”

कारकून हसला आणि शिपायांना घेऊन निघून गेला. गर्दी पांगली. परतताना मी बोलायला तोंड उघडलं, तर हा म्हणतो, “आधी जेवायला जा. आज तुझा त्या पलीकडच्या आळीतला वार ना? त्या बाई उशीर झाला की रागावतात.”

त्यानं मला चार शिव्या हासडायला हव्या होत्या. नाही हासडल्या. मी हातपाय धुतले, त्या घरी गेलो आणि पोटभर जेवलो. त्याची मला अजून लाज वाटते.