वहीत 'नाही'चा रकानाच नाही

मंडळी, आज सक्करदऱ्यात जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाहीये.

खोली देताना जात पाहू नका, असं घरमालकांना सांगत फिरणारा आमचा छोटा गट आहे. आज आमच्या सुजाताताई एका घरी खोली विचारायला गेल्या. मालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं. बौद्ध आहेत हे कळताच म्हणाल्या, "खोली तं कालच गेली."

ठरल्याप्रमाणे अर्ध्या तासाने मी त्याच घरी खोली विचारायला गेलो. माझं आडनाव ऐकून त्यांनी थेट किल्लीच काढली!

माझं डोकंच फिरलं. बाहेर थांबलेल्या ताईंना म्हणालो, "ताई, यांचं नाव टाकतो आता सगळ्या ग्रुपवर!"

"काहून गा?" म्हणत ताईंनी वही उघडली. वहीत घरमालकांच्या नावांसाठी दोनच रकाने, 'तयार' आणि 'पुन्हा भेटायचं'. 'नाही'चा रकानाच नाही. "दिवाळी झाली की पुन्हा जाऊ या बाईंकडे. मीच जाईन."

आत्ताच दारातून परतवलेल्या ताई हे हसत बोलून राहिल्या होत्या!

खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी त्याच 'पुन्हा भेटायचं'च्या रकान्यात माझं घर होतं. आडनाव विचारून मीच ताईंना परत पाठवलं होतं. त्या चारदा आल्या. चौथ्यांदा मी चहा विचारला.

तुमच्या दारात खोलीसाठी कोणी आलं, तर तुम्ही आधी काय विचारता?