सेव्हमावशींचं कुलूप

त्या बाई रस्त्यात कुठे चक्कर येऊन पडल्या तर? माझ्या डोक्यात सध्या हा एकच किडा वळवळतोय. भाजी चिरताना, ऑफिसात फाइली लावताना, आणि आता घरातले झोपल्यावर तर फारच. त्या पडल्या, कुणीतरी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि ती किल्ली त्यांच्या पर्समध्ये तशीच राहिली, तर?

किल्ली माझ्या मुलीच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबची. आणि त्या बाई म्हणजे लॅब सांभाळणाऱ्या सेव्हमावशी. हे नाव मुलांनी ठेवलंय. कॉलेजात दिवे कधी जातील याचा भरवसा नाही, म्हणून या दिवसभर खुर्च्यांमधून फिरत ओरडत असतात, "सेव्ह केलं का? ए चष्मेवाल्या, आधी सेव्ह कर, मग दात काढ!" त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. टाइपरायटर अडगळीत गेले, तेव्हा यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला आणि लॅबमध्ये पाठवलं. धूळ पुसा, पंखे बंद करा, पोरांवर डोळा ठेवा. लॅबचे प्रमुख येतात-जातात, बदलतात. मावशी तिथेच.

दिवसा लॅबमध्ये तास चालतात. एका कॉम्प्युटरपुढे तिघं बसतात, माउस एकाच्या हातात आणि बाकीचे दोघं प्रेक्षक. पाच वाजले की लॅब बंद. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. नेट आहे ते माझ्या मोबाईलपुरतं, आणि तेही खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर. लेकीच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर मोबाईलवर चालतच नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांची हीच गत.

पूर्वी ही मुलं पाचनंतर कॉलेजच्या मागच्या भिंतीला टेकून रस्त्यावर बसायची. तिथे कॉलेजचं नेट थोडंफार मिळायचं. पानंच्या पानं अंगठ्याने टाइप करायची. एकदा मोटारसायकलवरच्या कुणीतरी एका मुलीच्या हातातला मोबाईल हिसकावला. तिने तो सोडला नाही, त्यामुळे फरफटत गेली, कोपर सोलून निघालं. मावशी तेव्हा घरी निघाल्या होत्या. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलांना म्हणाल्या, "पालींसारखं भिंतीला चिकटून बसू नका. वर या."

पण वर यायला परवानगी नाही. वॉचमन संध्याकाळी मजल्यामजल्यावर जाऊन कुलुपं बघतो. म्हणून मावशींनी त्यांची पद्धत काढली. मुलांना आत बसवायचं, पडदे ओढायचे, ट्यूबलाइट बंद करायची आणि दाराला बाहेरून कुलूप लावायचं. वॉचमन येतो, कुलूप ओढून बघतो, पुढे जातो. मावशी मागच्या गल्लीत घरी जातात. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला भरवायचं, औषध द्यायचं, स्वतःचं इन्शुलिन घ्यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि परत येऊन कुलूप उघडायचं. मुलं मागच्या जिन्याने मांजराच्या पावलांनी खाली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, लॅब संध्याकाळीही उघडी असते. शेजारणीपुढे कॉलेजचं कौतुकसुद्धा करून झालं होतं.

मग एका संध्याकाळी मोबाईलवर लेकीचा मेसेज आला. "आई, आम्ही लॅबमध्ये आहोत. बाहेरून कुलूप आहे. मावशी अजून आल्या नाहीत, फोनही उचलत नाहीत. मागच्या गल्लीत त्यांच्या घरी जाऊन बघतेस? घाबरू नकोस."

घाबरू नकोस! मी गॅस बंद केला की नाही हेही आठवत नाही. नवरा म्हणाला, "अगं, येतील त्या. तुझ्यापुढे चमचा पडला तरी तुला भूकंप वाटतो." मी तोवर चपलांत पाय घातले होते, तेही उलटसुलट.

कॉलेजच्या फाटकाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "वर कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही ताई. मी स्वतः कुलूप ओढून आलोय." आणि वर हसून म्हणाला, "कुलूप आहे म्हणजे सगळं सुरक्षित."

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर कुणीतरी वाकून बसलेलं दिसलं. मी तिकडे धावले. मावशीच होत्या. मी त्यांना फक्त एकदा, पालकसभेच्या दिवशी पाहिलं होतं. चेहरा घामाने थबथबलेला, ओठ थरथरत होते. एक हात पर्समध्ये खोल खुपसलेला.

"मावशी, काय होतंय?"

"कोण?" त्यांना मी नीट दिसतही नव्हते. "पोरं... पोरं आत..."

त्यांच्या हातातली किल्ली सोडवायला मला जोर लावावा लागला. बोटं तिच्याभोवती आवळली होती. समोरच्या टपरीवाल्याकडून मूठभर साखर आणली, पाण्यात कालवून पाजली. हळूहळू नजर ताळ्यावर आली. त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला उलटी झाली होती. चादर बदलण्यात वेळ गेला. इन्शुलिन घेतलं, पण खायचं राहिलं, कारण मुलं खोळंबली असतील म्हणून त्या तशाच निघाल्या.

आम्ही मागच्या जिन्याने वर गेलो. कुलूप उघडलं. आत अंधार, आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या उजेडात निळसर दिसणारे चेहरे. एकाने मानही वर न करता म्हटलं, "मावशी, थांबा ना जरा. अपलोड होतंय." माझी मुलगी तेवढी दाराशी उभी होती.

मी मात्र खोलीकडे बघत होते. दार एकच. खिडक्यांना जाड गज. कोपऱ्यात, दिवे गेले की कॉम्प्युटर चालवायच्या जुन्या, दमलेल्या बॅटऱ्यांचं कपाट, आणि त्यातून तापलेल्या रबरासारखा वास येत होता. जमिनीवर वायरींचं जंजाळ. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

"हा वास कसला?" मी विचारलं.

"रोजचाच आहे," मावशी म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन, "ताई, एवढं बाहेर जाऊ देऊ नका. माझी नोकरी गेली तर घरी आम्ही दोघं उपाशी. आणि ही पोरं कुठे बसणार? परत त्या भिंतीशी? मागच्या साहेबांना मी विचारलं होतं, लॅब उघडी ठेवा म्हणून. बघू म्हणाले, आणि बदलून गेले." आणि एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "तुमची लेक कीबोर्डवर वेफर्स खाते. तेवढं बघा."

परत येताना लेकीने माझा दंड धरला. "आई, तू कुठे बोललीस ना, तर लॅब बंद. मग प्रोजेक्ट मी काय पाटीवर लिहून देऊ?"

"आणि आग लागली असती तर?"

"लागली नाही ना!"

तिचं वय असंच बोलायचं आहे. माझं वय रात्री उठून ती अंथरुणात आहे ना, हे बघायचं.

दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा कुलूप सुरू झालं. लेक मोठ्या तोऱ्यात सांगते, "मावशी आता पर्समध्ये चॉकलेट ठेवतात." म्हणजे मिटलं! प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आलीय, त्यामुळे आत बसणारी मुलं वाढलीत. जास्त कॉम्प्युटर, जास्त तापलेलं ते कपाट. मी म्हटलं, दुसरी किल्ली करून मला द्या. मग लक्षात आलं, तसं केलं तर कुलूप लावणारी मीही होईन. आणि ठिणगी उडाली तर मी घरातून पोहोचेपर्यंत काय? मुलीला जाऊ नकोस म्हणावं, तर बाकीची मुलं आतच असणार. त्यांच्या आया आज माझ्यासारख्या जाग्या नाहीत, एवढाच फरक. त्यांना माहीतच नाही.

सकाळी मी प्राचार्यांकडे जाणार आहे. लॅब संध्याकाळी उघडी हवी, दार उघडं हवं, ते कपाट बदलायला हवं. ते विचारतील, तुम्हाला कसं कळलं? तिथे मला खोटं बोलता येणार नाही. मावशींचं नाव निघणार. कदाचित लेकही माझ्याशी बोलायची बंद होईल.

पण मावशींना न सांगता मी जाणार नाही. नवऱ्याला कूस बदलून द्यावी लागते म्हणून त्या उशिरापर्यंत जाग्या असतात, हे त्यांनीच पायरीवर बसल्या बसल्या सांगितलं होतं. आत्ताच फोन लावते. त्यांचा आवाज ऐकला की माझी जीभ अडखळेल, म्हणून काय बोलायचं ते इथेच लिहून ठेवते. मावशी, उद्या कुलूप लावू नका. मी प्राचार्यांकडे चाललेय. तुम्ही माझ्याबरोबर चला. भिंतीशी फरफटत गेलेल्या त्या मुलीला प्राचार्यांनी पाहिलं नव्हतं, तुम्ही पाहिलंय. ते तुम्हीच सांगा.