आदींनी श्रद्धांजली वाहिली

बोरी बुद्रुकच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना लॅटिन शब्दांचा नाद होता. बोलण्यासाठी त्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, असं ते सांगत. 'ओरातिओ' म्हणजे रचून केलेलं भाषण. 'सर्मो' म्हणजे चार माणसांतलं साधं बोलणं. त्याच्या मुळाशी ओवण्याचा अर्थ आहे. पुढे इंग्रजीत त्याचाच 'सर्मन', म्हणजे उपदेश झाला, हे सरांना आवडत नसे. माझ्या निबंधाला ते ओरातिओ म्हणत. माझ्या बाकावरच्या मित्राला म्हणत, "तुझा सर्मो चालू दे." माझा शब्द मोठा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

सर गेले तेव्हा मी तालुक्याचा बातमीदार होतो, मित्र टोमॅटो पिकवत होता. कुकडी नदीच्या घाटावर दशक्रियेला, रिवाजाप्रमाणे, प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरांचा खरा विद्यार्थी कोण, हे त्या दिवशी लोकांना कळावं, अशी माझी इच्छा होती. मी दोन पानं लिहून नेली. ती वाचत असताना मागचे लोक मोबाईल बघत होते.

मग कोणीतरी मित्राला पुढे ढकललं. त्याने माईक घेतलाच नाही. फोटोकडे बघून म्हणाला, "सर, परवा सवयीनं तुमच्या वट्ट्यावर आलो व्हतो. चप्पल काढली, मग ध्यानात आलं. आता बाजार पडला की शिव्या कुणापुढं द्यायच्या?"

लोक हसले. त्यांतल्याच काहींनी डोळे पुसले. सरांच्या पत्नीने मान वर केली. माझ्या भाषणात ती खालीच होती.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. अशा बातमीत बोलणाऱ्यांची नावं ओळीने येतात आणि उरलेले 'आदींनी' या शब्दात जातात. सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, मी. मित्राला मी आदींमध्ये घातलं. जागेची अडचण नव्हती.

सकाळी त्याचा फोन आला.

"भाऊ, लई चांगली दिलीस बातमी. पेपर घेऊन काकूंकडंच आलोय."

"तुझं नाव राहिलं."

"माझं कशाला? मी कुठं भाषण केलं? मी आपलं सरांशी बोलत व्हतो. तू ये की, काकूंनी चहा ठेवलाय."

मागून सरांच्या पत्नीचा आवाज येत होता. दहा दिवसांत त्या माझ्याशी एक वाक्य बोलल्या नव्हत्या. त्याला त्या काहीतरी सविस्तर सांगत होत्या.

मी काम आहे म्हणालो आणि फोन ठेवला.