‘द’ राहिला म्हणून भिंतीला

“‘द’ खाल्लास. जा, भिंतीला थांब.”

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या सरांचा हा नियम. वाचताना ए, ॲन, द यातलं काही राहिलं की तास संपेस्तोवर मागच्या भिंतीला उभं राहायचं. मी सीमाभागातल्या मुडबी गावची. घरात मराठी, शाळा कन्नड, बाजारात उर्दू. कुठं लावत्यात असला ‘द’? जिभेला सवयच न्हाई. तरी मला इंग्रजीचीच मास्तरीण व्हायचं होतं. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. म्हणून मुकाट्यानं उभी राहायची.

हळूहळू ध्यानात आलं. चुका सगळ्यांच्याच व्हायच्या, पण भिंतीला रोज आम्हीच, बौद्धांची पोरं.

त्या दिवशी मी उभीच होते. अडत्याचा पोरगा वाचायला उठला. त्यानंबी ‘द’ गाळला. सरांनी आपल्याच तोंडानं हळूच तो घातला अन् म्हणाले, “हं, पुढं वाच.”

अंगाची लाही लाही झाली. तोंडातून निघूनच गेलं, “सर, त्यालाबी पाठवा की भिंतीला.”

सर हसले. एरवी कन्नडमध्ये बोलायचे, आज मुद्दाम मराठीत बोलले. “त्याचं चुकून राहिलं. तुमच्यात ते मुळातच नाही. सवलतीत सीट मिळते, इंग्रजी मिळत नाही.”

पोरं खदाखदा हसली. एकालाबी लाज वाटली न्हाई.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण चालत आले अन् माझ्या बाकावर बसले.

“ऊठ!”

“तो भिंतीला गेला की जाते.”

सर ओरडत राहिले. मी बसून राहिले.

घरी आईला सांगितलं. तुरीच्या रानातून नुकतीच आली होती. मटकन खाली बसली. “कामून बोललीस गं? मार्क त्याच्याच हातात हायत न्हवं?”

खरं होतं तिचं. मार्क गेलेच. त्या पेपरला मी नापास.

मैत्रिणी म्हणायल्यात, माफी माग. कुणी म्हणतंय, इंग्रजी सोड, मराठी घे. कामून घेऊ? ‘द’ खाल्ला, ती चूक माझी. शिकीन. माझ्या जातीची चूक न्हाई ती. पेपर पुन्हा देणार हाय, इंग्रजीचाच. मास्तरीणबी होणार, इंग्रजीचीच. माफी मागायची तर त्या सरानं मागावी.

इंग्रजी काय त्याच्या बापाची हाय? मी सोडत नसते.