कोपऱ्यातला ठिपका

माझा मामा चौतीस वर्षं एकाच थिएटरात सिनेमे दाखवत होता आणि तेवढ्या काळात त्याने एकही सिनेमा धड पाहिला नाही. लोकांना ही थाप वाटते. पण केबिनच्या वीतभर खिडकीतून त्याची नजर असायची ती पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर. रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका चमकतो. तो दिसला की पुढचं रीळ चढवलेलं शेजारचं मशीन सुरू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचं. चुकलं की पडदा काळा आणि खाली शिट्ट्या. मामाच्या हातून पडदा एकदाही काळा पडला नाही, अंगात ताप असतानासुद्धा नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत खुशाल मिरवते.

मामी खाली तिसऱ्या रांगेत कडेला बसायची, एकटीच. जुन्या सिनेमांचं वेड दोघांनाही. फक्त मामा वर आधीची रिळं उलटी गुंडाळत असायचा, त्यामुळे बहुतेक सिनेमांचे शेवट त्याला नुसते ऐकून माहीत.

थिएटर बंद पडलं. मग मामीची नजर अधू व्हायला लागली. "दिसतंय तोवर एक सिनेमा यांच्या शेजारी बसून पुरता बघायचाय," ती मला म्हणाली, "बाकी काही मागणं नाही."

मी टॅब्लेट आणून दिला. मामा रोज खेळाआधी त्याची काच मऊ फडक्याने पुसायचा, मागून हात लावून तापलाय का ते बघायचा. आणि रोज संध्याकाळी मला फोन. "तुझं मशीन पहिल्या रिळातच बंद पडतंय गं. परत पहिल्यापासून लावावं लागतं." आठवडाभरात मामीने त्याच एका सिनेमातल्या नायिकेचं लग्न सात वेळा ठरताना पाहिलं, झालेलं एकदाही नाही.

मी आधी चिडते आणि मग बघते. टॅब्लेट घेऊन तडक दुकानात गेले, दुकानदाराला नको ते बोलले. त्याने तो तासभर चालवून दाखवला. ठणठणीत होता.

मग मी दोघांच्या मागे खुर्ची टाकून बसले. सिनेमा जुन्या प्रतीवरून उतरवलेला, ठिपक्यांसकट. वीस मिनिटं झाली, कोपऱ्यात ठिपका चमकला, आणि मामाचा उजवा हात उठून काचेच्या त्याच कोपऱ्याला लागला. तिथे बंद करायची फुली उमटली. दुसरा ठिपका आला, बोट पुन्हा गेलं. सिनेमा गायब. वेळ इतकी अचूक की मला रागावताच येईना.

"मामा, तूच बंद करतोयस."

"मी? मी हातसुद्धा लावला नाही."

तो खोटं बोलत नव्हता. हाताने त्याला विचारलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याने बोटांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस हिचा सिनेमा मीच मोडत होतो."

"जित्याची खोड," मामी म्हणाली. "अहो, तो हात इकडे द्या."

तिने तो हात मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी सिनेमा पुन्हा सुरू केला. वीस मिनिटांनी हात उसळला. मामीने दाबला. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा उसळला, तिने पुन्हा दाबला. नायिकेचं लग्न झालं, ती घर सोडून गेली, परत आली. शेवटच्या प्रसंगात ती काही न बोलता नुसती दारात उभी राहते. मामा पुढे वाकला.

"इथे गाणं थांबतं एवढंच माहीत होतं मला," तो म्हणाला. "ही रडत असते होय."

"रडते तर. दर वेळी रडते."

सिनेमा संपला, पडदा काळा पडला. मामा उठला नाही. मामीनेही त्याचा हात सोडला नाही.